खुणांचे फोटो

पौडच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे रस्त्याच्या कडेला एक खोली, तिच्या मागे काळा पडदा लावलेली डार्करूम आणि त्यामागे आमचं बिऱ्हाड. आमचे हे फोटो काढायचे, रिटचिंग माझ्याकडे असायचं. बारीक टोकाची पेन्सिल आणि दोन केसांचा ब्रश घेऊन फोटोतला चेहरा नीटनेटका करायचा, हे माझं काम. सासऱ्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ते मला शिकवलं होतं, कारण ह्यांचा हात कापायचा आणि माझा कापत नव्हता. बहुतेक फोटो लग्नाच्या मुलींचे. तोंडावरचे देवीचे व्रण काढून टाकायचे, डोळ्यांखालचा काळेपणा घालवायचा, रंग जरा उजळ करायचा. मुलीचे आईबाप फोटो हातात घेऊन खूश व्हायचे. खरं तर त्या फोटोवरून मुलगी ओळखू यायची नाही, पण तशी तक्रार कधी कुणी केली नाही.

पिरंगुटला तेव्हा पहिले काही कारखाने उभे राहत होते. ऐंशी साल उलटून गेलं होतं, एवढं नक्की. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारी एक बाई दुकानात आली. चोविशीची असेल. कडेवर मूल, काखेत टॉवेलात गुंडाळलेली फोटोची चौकट.

"भाभी, ह्याच्यातला येकच मानूस काढून मिळंल का?"

मी चौकट उघडली. फोटो आमच्याच स्टुडिओचा होता. सहा वर्षांपूर्वी कोळवण खोऱ्यातल्या एका लग्नात ह्यांनी काढलेला. मधे नवरा-नवरी, दोन्ही बाजूंना दाटीवाटीने वऱ्हाड. नवरी म्हणजे हीच. तिने रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या एका पोरसवद्या गड्यावर बोट ठेवलं.

"ह्यो. माझा भाऊ. हरवलाय."

त्या टोकाच्या माणसाचा सदरा स्पष्ट होता, हात स्पष्ट होते, पण चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका फराटा होता. फोटो काढताना तो हलला होता.

"हलला का गं असा?" मी विचारलं.

"भाईंनी वरडून सांगितलं, कुनी हलू नका म्हनून. सगळी गप उभी ऱ्हायली. ह्याला ऐकू येत न्हाई, भाभी. बोलताबी येत न्हाई. सगळ्यांस्नी येकदम काय झालं म्हनून त्यो मान वळवून बघाया लागला."

दुसरा फोटो नव्हता. त्याचा म्हणून हा एवढाच.

मी तिला बसवलं, मुलाला बिस्कीट दिलं, आणि तिने सगळं सांगितलं. आई लहानपणीच गेलेली. भावाला हिनेच वाढवलं. दोघांत दोन वर्षांचं अंतर, म्हणजे ही आई तरी केवढीशी! तो जन्मापासून बहिरा. त्याला शाळा नाही, पण गुरांचं त्याला जेवढं कळायचं तेवढं खोऱ्यात कुणाला कळत नसे. बहिणीचं लग्न जवळच्याच गावात झालं होतं, त्यामुळे दर भाऊबीजेला तो शेताच्या बांधाने चालत तिच्याकडे जायचा. यंदा मात्र नवऱ्याला पिरंगुटच्या कारखान्यात काम लागलं आणि तिने तिथे खोली घेतली. भावाने पहिल्यांदाच एसटीने यायचं होतं.

"बा म्हनत हुता, नगं पाठवाया. मीच हट्ट केला. म्या त्याला चार येळा खुनंनं सांगितलं, गाडीत बस, मी दिसले की उतर. मी फाट्यावर हुबी ऱ्हानार हुते."

"मग?"

"पोराला उलट्या सुरू झाल्या. त्याला घिऊन बसले. निगायला उशीर झाला." तिने मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. "फाट्यावर गेले तवर गाडी गेल्याली. कंडक्टरनं पिरंगुट-पिरंगुट म्हनून हाळी दिली आसंल की. त्याला काय ऐकू येतंय? त्यो मला बघत बसला आसंल, आन् मी न्हाई."

गाडी पुण्याला गेली. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नव्हतं. नवरा आणि ती पुण्यात चार दिवस हिंडून आले होते. पौडच्या ठाण्यात हवालदारांनी नोंद घेतली होती. तेच म्हणाले होते, फोटो आणा.

ह्यांनी जुन्या निगेटिव्हचे डबे उपसले. लग्नाची निगेटिव्ह सापडली. त्या कोपऱ्याचा मोठा प्रिंट काढला. फराटाही मोठा झाला, एवढंच. मी तिला म्हटलं, "तू माझ्या शेजारी बस. मी काढते, तू सांग."

तीन दिवस ती पिरंगुटहून येत होती. मी फराट्यात डोळे काढले, नाक काढलं, कपाळ काढलं. माझ्या हाताला सवय एकच. तिसऱ्या दिवशी मी प्रिंट तिच्यापुढे धरला तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भाभी, ह्यो लई देखना हाय. ह्यो कुनी शेरातला हाय. ह्यो माझा भाऊ न्हाई."

"काय चुकलं?"

"त्याच्या तोंडावर देवीचं वन हायेत. गालावर लई, कपाळावर थोडं. नाक हितं जरा बसल्यालं हाय, लहानपनी बैलानं शिंग मारलं तवा. वरचा ओठ दातावर चढतुया."

मी आयुष्यभर व्रण पुसत आले होते. घालायची वेळ पहिल्यांदाच आली. ब्रशाने एकेक ठिपका देताना मला फार कसंतरी वाटत होतं, एखाद्या चांगल्या चेहऱ्याला मीच रोग लावतेय असं. पण ठिपके वाढत गेले तसा तिचा श्वास बदलत गेला. शेवटी ओठ केला तेव्हा तिने पदर तोंडात कोंबला. मग होकारार्थी मान हलवली.

त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढून ह्यांनी प्रती केल्या. पौडहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना दिल्या, दुधाच्या गाडीवाल्याला दिली, ट्रकवाल्यांना दिल्या. लोक आपणहून मागून न्यायचे. तरी माझ्या मनात एक होतंच, की हा फोटो नाही, आठवणीवरून काढलेलं चित्र आहे, आणि तेही सहा वर्षांपूर्वीच्या फोटोवर.

हिवाळाभर मी तिच्यासोबत पुण्याला जात होते. तिच्या नवऱ्याच्या पाळ्या असायच्या, आणि एकटीने सरकारी कचेऱ्यांत जायची तिला धास्ती वाटायची. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "जा तू. दुकान आम्ही बघतो. त्या पोरीला आई नाही." आम्ही दोघी स्टँडवर हिंडलो, स्टेशनवर हिंडलो, देवळांबाहेरच्या आणि दर्ग्याबाहेरच्या रांगांत प्रत्येकाचं तोंड बघितलं. ती रांगेसमोरून चालताना पाय आपटत चालायची. घरी त्याला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचे म्हणजे त्याला तळव्यांना कळायचं. स्टेशनच्या फरशीवर कुणाला काय कळणार! पण मी तिला अडवलं नाही.

एकदा हवालदारांनी निरोप पाठवला, पुण्याच्या इस्पितळात एक बेवारस मयत आहे, वय जुळतंय, बघून या. त्या दिवशी तिचा नवराही रजा टाकून आला. तो आत जायला निघाला तर ती म्हणाली, "तुमी नगा. मी वळखीन." मी तिचा दंड धरून आत गेले. चादर बाजूला केली. तो तिचा भाऊ नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकला आणि तिला बाहेर ओढायला लागले, तर ती जागची हलेना. त्या अनोळखी पोराच्या तोंडाकडे बघत ती रडायला लागली. भावासाठी ती माझ्यासमोर एवढी रडली नव्हती.

"ह्याला कुनी बघाया आलं न्हाई का?" तिने तिथल्या माणसाला विचारलं.

"तुम्हीच आलात," तो म्हणाला.

बाहेर येऊन आम्ही नळावर हातपाय धुतले. घरी परत येताना गाडीत तिचा नवरा मला हळूच म्हणाला, "भाभी, आता पुरं झालं न्हवं? पोरगं घरात रडतंय, ही जेवत न्हाई. किती दिस असं?" तो काही वाईट माणूस नव्हता. दमला होता. मी त्याला म्हटलं, "भाऊ, ती बंद करेल तेव्हा बंद करू. आपण नको सांगायला."

तिच्या डोक्यावरचं खरं ओझं मला उशिरा कळलं. तिचा बाप तिच्याशी बोलत नव्हता. पोरगा हरवला त्या दिवसापासून एक शब्द नाही. ती माहेरी गेली की तो उठून गोठ्यात जायचा. "शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं," ती म्हणाली.

उन्हाळ्यात आम्ही पुण्यातल्या एका बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेत गेलो. भाऊ तिथे असण्याची आशा नव्हती, शाळा लहान मुलांची. पण आता दुसरं कुठलं दार उरलं नव्हतं. तिथे एक वयस्कर बाई शिकवायच्या. पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी मी केलेला फोटो हातात घेतला, नीट पाहिला आणि विचारलं, "हा फोटो ज्यांना दिलात ते काय करतात?"

"बघतात. असा माणूस दिसला तर कळवतील."

"देवीचे व्रण किती लोकांच्या तोंडावर असतात! आणि नाव विचारावं तर तो सांगणार नाही. अशा माणसाला पोलीस उचलतात, कागदावर 'मुका, नाव माहीत नाही' लिहितात आणि कुठेतरी पाठवून देतात. भिक्षेकरी गृहात, वेड्यांच्या इस्पितळात. तिथे त्याला दुसरंच काही नाव मिळतं." मग त्या बहिणीकडे वळल्या. "तो घर कसं म्हणतो?"

बहीण गोंधळली. "त्यो बोलत न्हाई, बाई."

"तोंडाने नाही म्हणत. हाताने म्हणतो ना? तुम्ही दोघं बोलत होता की नाही?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मग लाजत दोन्ही हात कपाळासमोर नेले. बोटांची टोकं जुळवली आणि मनगटं लांब ठेवली. तीन कोनांचा डोंगर झाला. "आमच्या घरासमोर तिकोन्याचा डोंगर हाय. घरी जायाचं म्हनला की त्यो असं करतुया."

"आणि तुला काय म्हणतो?"

तिने हनुवटीवर बोट टेकवलं. तिच्या हनुवटीवर गोंदलेला हिरवा ठिपका होता.

"अजून काय म्हणतो?"

आता तिची भीड चेपली. एक बोट कपाळाच्या एका बाजूला ताठ धरलं, दुसऱ्या बाजूला वाकडं. हा त्याचा लाडका बैल, ज्याचं एक शिंग खाली वळलेलं होतं. ती एकामागून एक खुणा करत सुटली. पाऊस, भाकरी, बा, साप. त्या बाई नुसत्या बघत होत्या. मीही बघत होते. सहा महिने मी हिच्यासोबत फिरत होते आणि तिच्या भावाची भाषा मी पहिल्यांदा पाहत होते. हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. चेहरा, चेहरा करत बसले होते.

"ह्याचे फोटो काढा," त्या म्हणाल्या. "तो जिथे कुठे असेल तिथे हेच करत असणार. बघणाऱ्याला अर्थ कळत नसेल, पण त्याने हात बघितलेले असतील."

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी बहिणीला स्टुडिओत उभं केलं. पडदा काढून टाकला, साधी भिंत ठेवली. फोटोसाठी म्हणून ती नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली होती. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच फोटो. एक डोंगराचा, एक हनुवटीचा, एक बैलाचा. "हसू नका," हे म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "नाही, तो बघेल तेव्हा तुम्ही कशा दिसता तसंच राहा." ते फोटो मी रिटच केले नाहीत. पेन्सिल हातात घेतलीच नाही.

शाळेतल्या बाईंनी पत्ते दिले. आम्ही पाकिटं केली. प्रत्येकात खुणांचे तीन फोटो, एक माझ्या हातचा चेहरा, आणि ह्यांच्या अक्षरात पत्र, की अशा खुणा करणारा मुका तरुण आपल्याकडे असल्यास कृपया कळवावे. पाकिटं पोस्टात पडली. वैशाख गेला, भातलावणी झाली. दोन ठिकाणांहून असा कोणी नाही म्हणून उत्तर आलं. बाकीच्यांकडून काहीच नाही. गणपतीच्या थोडं आधी एक कार्ड आलं. लांबच्या एका शहरातल्या भिक्षेकरी गृहातून तिथल्या कारकुनाने लिहिलं होतं. इथे अशा वर्णनाचा एक इसम असून आमचा स्वयंपाकी म्हणतो की डोंगराची खूण तो रोज करतो, तरी समक्ष येऊन खात्री करावी.

ह्यांनी ते कार्ड मला दोनदा वाचून दाखवलं. मग सायकल काढली आणि तसेच पिरंगुटला गेले.

आम्ही तिघं निघालो. बहीण, तिचा नवरा आणि मी. गावच्या पोलीस पाटलाचा दाखला घेतला होता. रेल्वेत ती खिडकीपाशी बसली आणि सगळ्या प्रवासात एकदाच बोलली. "भाभी, त्यो नसंल तर मला तसं लगी सांगू नका. जरा येळ द्या."

भिक्षेकरी गृह म्हणजे उंच भिंतीच्या आतली बैठी इमारत. स्वयंपाकी दारापर्यंत आला. साठीच्या पुढचा, खांद्यावर फडकं. तो आम्हाला बघून अपराध्यासारखा बोलायला लागला. "मी ओळखलं नाही हो. भात वाढायला गेलो की तो माझ्यापुढे असे हात करायचा. मला वाटायचं नमस्कार करतोय. मी पण करायचो नमस्कार. रोज. तो रागाने ताट सारायचा. मी म्हणायचो, काय माणूस आहे, नमस्कार करतो आणि वर रागावतो. तुमचा फोटो साहेबांच्या टेबलावर पाहिला तेव्हा कळलं, तो घर मागत होता."

मागच्या आवारात एक माणूस झाडत होता. डोकं भादरलेलं, अंगात सरकारी सदरा, पाठीची हाडं वर आलेली. पाठमोरा होता. बहीण थबकली. हाक मारायची सोय नव्हती. तिने पाय आपटला, पण मातीत हादरा मुरून गेला. मग ती फेरी घालून त्याच्यासमोर गेली.

त्याने वर पाहिलं. झाडू थांबला. मी जवळ गेले तेव्हा पाहिलं, मी काढलेलं नाक चुकलं होतं, ओठ बरोबर होता. तो तिच्याकडे बघत राहिला, अगदी सावकाश झाडू खाली ठेवला, आणि तिच्याकडे पाठ फिरवली.

ती पुन्हा समोर गेली. त्याने पुन्हा पाठ फिरवली. तिसऱ्यांदा ती गेली आणि सरळ त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. हनुवटीवर बोट ठेवून बसून राहिली. आता त्याला वळता आलं नाही. त्याचे हात उठले. दोन्ही हातांनी गाडीचं चाक फिरवल्यासारखं केलं. मग हनुवटीवर बोट ठेवलं. मग रिकामा पंजा तिच्या तोंडासमोर धरून जोरात हलवला. गाडी. ताई. नाही. पुन्हा तेच. गाडी. ताई. नाही. किती वेळा केलं कोण जाणे! त्याच्या घशातून एक आवाज येत होता, तसा आवाज मी माणसाचा आधी ऐकला नव्हता.

तिने दोन्ही कान धरले. लहान मूल चूक झाली की धरतं तसे. पोरगं आजारी होतं, उशीर झाला, यातलं काही तिने सांगायचा प्रयत्न केला नाही. नुसते कान धरून बसली. शेवटी तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने तिचे हात कानांवरून काढले. मग हात कपाळाशी नेऊन डोंगर केला. तिनेही केला.

स्वयंपाकी माझ्या शेजारी उभा होता. त्याने फडक्याने तोंड झाकून घेतलं.

सोडवण्याचे कागद व्हायला दोन दिवस लागले. रेल्वेने पुण्यापर्यंत आलो, पण तिथे एसटीत बसायची वेळ आली तेव्हा त्याने स्टँडचा खांब धरला. बहिणीने समजावलं, नवऱ्याने समजावलं. खांब सुटेना. जबरदस्ती करू नका, असं मीच म्हटलं. नवरा जाऊन आपल्या कारखान्याचा माल नेणारा ट्रक बघून आला. मागून उघडा. त्यावर भाऊ चढला. चोहीकडे दिसत होतं म्हणून चढला असावा. सगळ्या वाटेने बहिणीचा पदर मुठीत धरून तो उभा होता. पिरंगुटचा फाटा आला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं, पण ती हलली नाही हे बघून तोही हलला नाही.

ट्रकवाल्याने कोळवणपर्यंत सोडलं, पुढे चालत गेलो. भात पोटरीला आलं होतं. बाप बांधावर गवत कापत होता. पोराला बघून विळा हातातच राहिला. तो म्हातारा धावला नाही, ओरडला नाही. जवळ येऊन पोराच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला, मानेवरून फिरवला, जनावर विकत घेताना चाचपतात तसं सगळं अंग चाचपलं. मग लेकीकडे वळला. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

"नातवाला आनलं न्हाईस व्हय?" त्याने विचारलं.

"शेजारनीकडं ठिवलाय, बा."

"आनायचं हुतं."

एवढंच बोलणं झालं. ती विहिरीवर पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही. मी मागे गेले नाही.

तो परत आला म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. कितीतरी महिने जेवायची वेळ झाली की तो ताट हातात घेऊन चुलीपाशी भिंतीला लागून उभा राहायचा. कुणी खूण केल्याशिवाय बसायचा नाही. बापाने एक दिवस ताट काढून घेतलं आणि त्याला आपल्याच ताटात जेवायला घेतलं. मग तेच चालू ठेवलं. ती सवय हळूहळू गेली. पुण्यापासून त्या लांबच्या शहरापर्यंत तो कसा पोचला, मधे कुणी मारलं, कुणी खाऊ घातलं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. बहिणीने विचारलं की तो गुरांकडे निघून जायचा. पुढे तिनेही विचारायचं सोडलं.

ही गोष्ट खोऱ्यात पसरली, आणि माणूस हरवलेले लोक आमच्या दुकानात यायला लागले. लांबून लांबून यायचे. आम्ही काही करू शकू असं त्यांना वाटायचं. आमच्याजवळ होतं काय? एक कॅमेरा, काही पत्ते आणि त्या बाईंकडून शिकलेले प्रश्न. मी आधी चेहऱ्याचं विचारायचीच नाही. चालतो कसा? भूक लागली की काय करतो? घाबरला की कुठे लपतो? झोपताना काय पांघरतो? ते सगळं फोटोच्या मागे लिहायचं. काही सापडले. एक म्हातारी तर तिच्या चालीवरून सापडली. बरेच सापडले नाहीत, आणि एक-दोन अशा अवस्थेत सापडले की घरच्यांना ते मीच सांगावं लागलं. सांगायची ती रीत मला कुणी शिकवली नव्हती. इस्पितळातल्या त्या पोरापाशी उभ्या राहिलेल्या बहिणीवरून मी एवढंच शिकले होते की घाई करायची नाही, आणि कुणाला तिथून ओढून न्यायचं नाही.

न सापडलेल्यांतली एक बाई माझ्या फार लक्षात आहे, जिला मी कधी पाहिलंही नाही. तिचा नवरा जांब्याकडचा शेतकरी, सत्तरीचा. बायकोला विसरायला व्हायचं. सकाळी दारातून गेली ती गेलीच. ते दर बाजारच्या दिवशी यायचे, बाकावर बसायचे, "काय कळलं का?" विचारायचे. काही कळलेलं नसायचं. मग मी त्यांना तिच्याबद्दल एखादी नवी गोष्ट विचारायची. कोणती भाजी तिला आवडायची, रागावली की काय करायची, दळताना काय गुणगुणायची. पहिल्या काही वेळा मी ते शोधासाठी विचारत होते. नंतर तसं उरलं नाही. तेही ओळखून होते.

"भाभी," एकदा ते उठताना म्हणाले, "घरात आता तिचं नाव कुनी काडत न्हाई. पोरं म्हनत्यात, बाबाला तरास हुतो. मला तरास न काडल्याचा हुतो. तुमी इचारता तवर ती हाय."

तिचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. ते मात्र तीन वर्षं येत राहिले. ते आले की हातातला फोटो मी बाजूला ठेवायची आणि सासूबाई न सांगता आतून चहा पाठवायच्या.